परळची हॉस्पिटलं शेठ लोकांनी बांधली, पण हॉस्पिटलबाहेरच्या माणसाला कोण सांभाळतं?

भोईवाडाकर
"मुंबईत आता पूर्वीसारखे दानशूर राहिले नाहीत" असा एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय, नाना शंकरशेट, जमशेटजी, प्रेमचंद रायचंद सगळ्यांचे फोटो एका रांगेत आणि खाली रडके इमोजी. डोकं फिरलं म्हणून धागा काढतोय.

शेठ लोकांबद्दल वाद नाहीच. जमशेटजी जीजीभॉयनी एक लाख देऊ केले, कंपनी सरकारला तेवढेच घालायला लावले आणि १८४५ मध्ये जे. जे. सुरू झालं. त्यांच्या पत्नी अवाबाईंनी माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीवर रस्ता बांधायला १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही (आजच्या कंत्राटदारांनी हे वाचू नये). आमच्या परळचं बघायचं तर नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६, केईएम १९२६, मुलांचं वाडिया १९२९, कॅन्सरचं टाटा १९४१. केईएमसोबतचं मेडिकल कॉलेज गोरधनदास सुंदरदास यांच्या पैशातून, आणि तिथेही ट्रस्टींची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच पाहिजेत, कारण तेव्हा गोऱ्यांच्या हॉस्पिटलात आपल्या डॉक्टरांना वरची जागाच मिळायची नाही. म्हणजे ही माणसं नुसता चेक फाडून मोकळी होत नव्हती.

माझं म्हणणं पुढचं आहे. मी भोईवाड्यात वाढलो. टाटाच्या आणि वाडियाच्या मधल्या फुटपाथवर बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा सगळीकडची माणसं लहानपणापासून बघतोय. केमो हे एका दिवसात आटपणारं काम नाही, सायकल म्हणजे ठरावीक दिवसांच्या अंतराने फेऱ्या असतात, मधे रक्त तपासायचं, रक्तातल्या पेशींचा काउंट कमी आला की पुढची तारीख. म्हणजे ॲडमिट पण करत नाहीत आणि गावाला परत जाता पण येत नाही. असे महिनेच्या महिने हा माणूस झोपतो कुठे, जेवतो काय, फॉर्म कोण भरून देतं? याची सोय कुठल्या शेठने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलेली नाही. ते करतात धर्मशाळा, छोटे ट्रस्ट, गल्लीतली मंडळं आणि काही खमके रहिवासी. परळ चालतं ते यांच्या जिवावर. आता कोणाला पैसे द्यायचे असतील तर इथे द्या, अजून एक विंग आणि अजून एक संगमरवरी पाटी नको. बोला.

चष्मिष्ट
बोलतो. कौतुक करताना पैसा कुठून आला ते पण लिहायचं की. जमशेटजींची मोठी कमाई चीनला अफू पाठवण्यातली. प्रेमचंद रायचंद अमेरिकेतल्या यादवीमुळे आलेल्या कापसाच्या तेजीतले आणि शेअरच्या सट्ट्यातले, १८६५ ला फुगा फुटला तेव्हा अख्खी मुंबई पोळली. त्यांच्या पैशातला राजाबाई टॉवर सुंदर आहे, मान्य.

आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं. एवढं बजेट असलेल्या शहरात कॅन्सरच्या पेशंटचा बाप मंडळाच्या खिचडीवर का जगतो? तुम्ही ज्याला शहराची ताकद म्हणताय ना भोईवाडाकर, तो सरकारच्या नाकर्तेपणावर मारलेला डिस्टेंपर आहे. जितकी मंडळं चांगली तितकं सरकार निवांत.

निवृत्त सिस्टर
चष्मिष्ट, बाळा, तत्त्व बरोबर आहे, पण रात्री दोनला तत्त्व घेऊन कोणी येत नाही.

मी पालिकेच्या हॉस्पिटलात आयुष्य काढलं, नाव नको. ऑर्थोला रॉड टाकायचा असतो, तो बाहेरून आणायला लागतो, नातेवाईकाच्या खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे पण नाहीत. मग काय होतं? आमच्याकडे सोशल वर्कर असतात, त्यांच्याकडे पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो. लोकांना हे नावच माहीत नाही. कोणी आईच्या वर्षश्राद्धाला पाच हजार देऊन जातो, कोणी रिटायर होताना देतो, त्यातून ती औषधं, ते इम्प्लांट येतात. पण तो फंड दारात येऊन हात जोडत नाही, सोशल वर्करकडे केस पेपर घेऊन जावं लागतं, अर्ज करावा लागतो. आणि बाहेरगावच्या माणसाला ती खोली कुठे आहे ते सांगतं कोण? वॉर्डातली मावशी नाहीतर बाहेर उभा असलेला एखाद्या ट्रस्टचा पोरगा. पोरगा नसेल तर फंड असून नसल्यासारखा.

दुसरं, बांधणं आणि चालवणं यातला फरक बघायचा तर वाडिया बघा. घराण्याने दिलं, पुढे चालवायला पालिका आणि राज्य सरकारचं अनुदान, आणि २०२० च्या जानेवारीत त्या अनुदानावरून असा घोळ झाला की हॉस्पिटल बंद पडतंय की काय अशी वेळ आली, आंदोलन झालं, हायकोर्टात गेलं. नव्वद वर्षं जुनं हॉस्पिटल, आणि अडलं कशावर, तर महिन्याच्या खर्चावर.

देवगडवाला
धाग्याला +१. पण "छोटे ट्रस्ट, मंडळं" एवढ्यात गुंडाळलंत, जरा थांबा.

आमच्यासारख्या कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ आहे, आणि मंडळ म्हणजे नुसता सत्यनारायण नाही. गिरण्या जोरात होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळीत गावाच्या मालकीच्या किंवा गावाच्या नावावर भाड्याने घेतलेल्या खोल्या असायच्या. एका खोलीत वीस-पंचवीस बाप्ये. ज्याची रात्रपाळी तो दिवसा झोपणार, ज्याची दिवसपाळी तो रात्री, ट्रंका भिंतीला, वळकट्या वर. आजोबा सांगायचे की नवीन पोरगा बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरला की सरळ खोलीवर, नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही, लागली की वर्गणी सुरू. कोणी वारला तर मंडळ पुढचं सगळं बघणार, गावात कळवणार, बायकोच्या हातात काहीतरी ठेवणार. याला इन्शुरन्स म्हणा काय म्हणायचं ते म्हणा, कागद नव्हता एवढंच.

पैसे उभे करायची पद्धत पण भारी. दामोदर हॉल भाड्याने घ्यायचा, नमन नाहीतर शक्ती-तुरा लावायचा, तिकिटं गाववाल्यांच्या गळ्यात मारायची. त्यातून गावची शाळा, देवळाचं छप्पर, साकव, आणि मुंबईत आजारी पडलेल्याचा खर्च. दामोदर हॉल ज्या सोशल सर्विस लीगचा, ती ना. म. जोशींनी १९११ ला काढलेली संस्था, गिरणी कामगारांच्या रात्रशाळा, वाचनालयं सगळं त्यांचं. २०२३ ला पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद झालं तेव्हा बोंबाबोंब झाली ती नुसती नाटकवाल्यांची नव्हती, आमची पण होती, कारण मंडळांचा वार्षिक कार्यक्रम परवडणाऱ्या दरात करायचा कुठे आता?

बार्देशकर
देवगडवाल्या, तुमची खोली तशी आमची कुड. धोबीतलाव, माझगाव, डाबूल, काव्हेल, जिकडे बघाल तिकडे गोव्याच्या एकेका गावाचा क्लब. बोटीवर चढणारे तारवटी जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचे, महिन्याचं भाडं अगदीच किरकोळ, स्वतःची पेटी, कोपऱ्यात आल्तार, आणि संध्याकाळी रोझरी चुकवायची नाही. दारू पिऊन दंगा केला तर बाहेर. गाव सोडून दुसऱ्याला प्रवेश नाही हा त्याचा वाईट भाग, खरं सांगायचं तर गावातल्या जातीचे भेद पण कुडीत शिरलेले होते. आमचे पपा कुवेतला जायच्या आधी कुडीत राहिले, आणि नंतर आजारी काकाला मुंबईत दाखवायला आणलं तेव्हा पण तिथेच.

चष्मिष्ट
हाच तर माझा मुद्दा. ज्याचं गाव मोठं, जात संघटित, त्याची सोय. पारशी असाल तर बाग म्हणजे त्यांची वसाहत, सारस्वत असाल तर १९१५ पासून गावदेवीत सोसायटी आणि स्वतःची बँक, कोकणी असाल तर खोली. आणि भूमिहीन मजूर, किनवटहून आलेला, त्याचं कोणाचंच मंडळ नाही, तो फुटपाथवर. "स्थानिक संस्था शहराला बळ देतात" असं म्हणताना कोणाला देतात ते बोला.

भोईवाडाकर
हा मुद्दा एकदम मान्य, आणि म्हणूनच गाडगेबाबा मला या सगळ्यात वेगळे वाटतात. परीट समाजातला माणूस, पण पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी सगळीकडे धर्मशाळा बांधल्या, आणि १९५४ ला जे. जे. च्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी मुंबईत बांधली. म्हणजे तीर्थक्षेत्राला येणारा वारकरी आणि हॉस्पिटलला येणारा गरीब, दोघांची गरज सारखीच आहे हे त्यांना कळलं होतं. तिथे गाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, हॉस्पिटलची चिठ्ठी विचारतात. दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आहे ती टाटाच्या लोकांनी कायम भरलेली असते. नाना पालकर स्मृती समिती १९६८ ची, ती परळलाच आहे, तिथेही रुग्ण आणि सोबतचे राहतात. संघाची म्हणून कोणी नाक मुरडेल तर मुरडो, आमच्या चाळीतले पक्के लाल बावटेवाले काका तिथे वर्षानुवर्षं देणगी देत होते. आणि कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्स, २००६ ला मुंबईत सुरू झाली, मुलाला आणि आईवडिलांना फुकट खोली, स्वयंपाकाची जागा वेगळी, कारण केमो चालू असलेल्या पोराला इन्फेक्शन झालं की सगळंच मुसळ केरात. ही संस्था निघायचं कारणच मुळी टाटाबाहेरचा तो फुटपाथ.

करी रोड ई विंग
फुटपाथबद्दल सगळे गहिवरून लिहितायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, शिव्या घाला.

२०२१ ला म्हाडाची १०० घरं टाटाच्या पेशंटच्या नातेवाइकांना द्यायचं ठरलं होतं, आमच्या करी रोडच्या इमारतींमध्ये. रहिवाशांनी विरोध केला, निर्णयाला स्थगिती मिळाली, मग बॉम्बे डाइंगच्या जागेतल्या इमारतीत द्यायचं ठरलं. तेव्हा सगळ्या पेपरात आम्ही राक्षस. पण आम्हाला कोणी विचारलं होतं का? ही पुनर्विकासातून मिळालेली घरं, आयुष्यभर चाळीत राहून मिळालेली, लिफ्ट आधीच बंद पडतात, पाणी मोजकं, आणि कोण येणार, किती येणार, जबाबदारी कोणाची, मेंटेनन्स कोण देणार, एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. माणुसकी नाही असं नाही हो. पण वरून निर्णय आपटायचा आणि खालच्यांनी माणुसकी दाखवायची हे नेहमीचं आहे.

निवृत्त सिस्टर
शिव्या नाही घालणार. पण लिफ्टमध्ये डोक्यावर केस नसलेलं पोर दिसलं की बायका आपली मुलं मागे ओढतात हे मी बघितलंय, आणि कॅन्सर काही लागत नाही एवढं तरी प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.

करी रोड ई विंग
ते खरं आहे सिस्टर. आमच्याकडेही झालं असतं.

सीएकाकू
सगळे भावनेत वाहतायत, म्हणून पैशाचं लिहिते, कारण अशा दोन-तीन ट्रस्टचं ऑडिट करते.

सगळ्यात मोठी अडचण देणगी मिळत नाही ही नाहीच आहे. अडचण ही की देणारा सांगतो कशावर खर्च करा. डायलिसिस मशीनला पैसे मिळतात, ॲम्ब्युलन्सला लगेच मिळतात कारण तिच्यावर नाव लिहिता येतं. वॉचमनचा पगार, लाइट बिल, गिझरची दुरुस्ती, गाद्या बदलणं, ढेकूण मारणं, याला कोणी देत नाही. धर्मशाळा चालते ती याच गोष्टींवर. ॲम्ब्युलन्स असते दारात, ड्रायव्हर नसतो.

दुसरी गोष्ट, कायम ठेव. आपल्या मराठी संस्थांची ही जुनी लाडकी पद्धत, एक रक्कम द्या, आम्ही फिक्सला टाकू, व्याजातून दरवर्षी तुमच्या वडिलांच्या तिथीला सगळ्यांना जेवण. नव्वदीत बँका बारा-तेरा टक्के देत होत्या तेव्हा हिशोब मस्त जमायचा. आता जेमतेम निम्मं, आणि तूरडाळ कुठे गेली बघा. संस्थेने मात्र लिहून दिलंय की दरवर्षी जेवण घालू. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या देणगीदाराच्या तिथीचं जेवण आज संस्था पदरचे पैसे घालून करते, आणि नातवाचा फोन येतो की या वर्षी गोड काय केलं होतं. मी ट्रस्टींना सांगते की नवीन ठेवी घेताना "व्याज पुरेल तेवढंच" हे वाक्य पावतीवर छापा.

सीएसआर म्हणाल तर २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पैसा प्रचंड आहे, पण कंपनीला प्रोजेक्ट पाहिजे, सुरुवात-शेवट-फोटो-रिपोर्ट. आणि छोट्या मंडळाकडे हा पैसा घ्यायला लागणारा सीएसआर-१ फॉर्म भरलेला नसतो, देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळवून देणारं ८०जी नसतं, चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडलेला असतो. ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचं असतं हो! निम्म्या मंडळांच्या रेकॉर्डवर अजून वारलेले अध्यक्ष आहेत.

आणि देणाऱ्यांना: रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर ८०जी ची सूट नाही. नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर तशीही नाही.

एडिसनचा मामा
काकू, न्यू जर्सीत बसून मला मदत करायची इच्छा आहे, आमच्या मंडळात दहा-बारा घरं तयार आहेत, निम्मे अमेरिकन सिटिझन झालेत, निम्मे ग्रीन कार्डवाले. काय करायचं?

सीएकाकू
मामा, पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकन सिटिझन झालेल्याची, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असला तरी, परदेशी देणगी होते आणि ती फक्त एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. गल्लीतल्या मंडळाकडे हे नसतंच. मेहरबानी करून "मेव्हण्याच्या खात्यात टाकतो, तो कॅश देईल" असलं काही करू नका, तुम्ही तिकडे सुखी आणि इकडे बिचारा सेक्रेटरी उत्तरं देत बसेल.

गोदाकाठ
नमस्कार, मी इथे फक्त वाचत असते. नांदेडजवळचं गाव आहे. वडिलांना तोंडाचा कॅन्सर निघालाय, इथल्या डॉक्टरांनी टाटाला जा म्हणून सांगितलंय, पुढच्या आठवड्यात निघतोय. मुंबईत कोणी नाही. वरच्या धर्मशाळांत आधी फोन करून खोली मिळते का? आणि किती पैसे सोबत ठेवायचे?

भोईवाडाकर
ताई, आधी एक. निघण्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल विचारात घ्या, तिथे टाटाची मदत आहे, तुम्हाला जवळ पडेल. निदान आणि उपचाराची दिशा टाटाला ठरवून पुढची केमो किंवा रेडिएशन जवळ घेता येतं का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बरेच लोक विचारतच नाहीत आणि महिनोन्‌महिने परळला अडकतात.

टाटालाच यायचं असेल तर दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. खोली फोनवर मिळेल हे धरून चालू नका, बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलचा केस पेपर आणि तिथल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, म्हणजे पहिले एक-दोन दिवस मधेच लटकतात, तेवढ्यापुरती लॉजची तयारी ठेवा. नोंदणी करताना जनरल कॅटेगरी (प्रायव्हेटपेक्षा स्वस्त) घ्या, कोणी मधला माणूस लवकर नंबर लावतो म्हणाला तर हात जोडून पुढे जा.

निवृत्त सिस्टर
गोदाकाठ, कागद: रेशन कार्ड (पिवळं किंवा केशरी असेल तर सोन्यासारखं सांभाळ), तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दोघांचं आधार, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, बायॉप्सीची स्लाइड आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा). हा ब्लॉक लोक लॅबमध्येच विसरून येतात, मग नांदेडला परत माणूस पाठवावा लागतो. सगळ्याच्या झेरॉक्स तिकडूनच करून आण. सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बसतंय का ते पहिल्याच दिवशी विचार, उपचार सुरू झाल्यावर धावपळ नको. परतीच्या रेल्वेसाठी कॅन्सरच्या पेशंटला सवलत असते, स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के, हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यायचा.

आणि तंबाखू बंद. वडिलांची पण आणि सोबत येणाऱ्या भावाची पण. फुटपाथवर बसून मळणारे मी खूप बघितलेत.

सीएकाकू
पुढेमागे खाजगी ट्रस्ट हॉस्पिटलची वेळ आली तर लक्षात ठेव, धर्मादाय नोंदणी असलेल्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, २००६ पासून हायकोर्टाची योजना आहे, बिलाच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या फंडात बाजूला काढायची असते. काउंटरवर "खाट शिल्लक नाही" सांगतात. तेव्हा लेखी द्या म्हणायचं, आणि नाही दिलं तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे. चष्मिष्ट, हे तुमच्यासाठी पण: पूर्वीच्या शेठनी सवलतीत जमिनी घेऊन हॉस्पिटलं काढली, त्या बदल्यात गरिबाचा हक्क कागदावर आहे. तो वसूल करून द्यायचं काम पुन्हा कुठल्यातरी कार्यकर्त्यालाच करावं लागतं.

चष्मिष्ट
हे मात्र पटलं. असल्या मंडळांना मी वर्गणी देईन. डीजेवाल्यांना नाही.

गल्लीचा कार्यकर्ता
डीजेचं नाव निघालं म्हणून आलो.

गणपती मंडळवाला आहे, नाव सांगत नाही कारण आमचं मंडळ छोटं आहे आणि लगेच "आमच्याकडे पण या" सुरू होतं. लालबागच्या राजाचं सगळ्यांना माहीत आहे, १९३४ पासूनचं, डायलिसिस सेंटर वगैरे चालवतात, २०२० ला मूर्ती न बसवता रक्तदान-प्लाझ्मादान केलं. आम्ही त्यांच्या एक टक्का पण नाही. पण वर्षभर काय करतो ते सांगतो. चाळीतल्या कोणाला पण रात्री केईएमला न्यायचं असलं की चार पोरं तयार असतात. रक्त लागलं की आमचा ग्रुप. आणि हो, दहा दिवस स्पीकर पण लावतो, खोटं कशाला बोलू. पोरं जमतात ती स्पीकरसाठीच काका, तुमच्या हक्काच्या फॉर्मसाठी नाही जमत, पण एकदा जमली की मग त्याच पोरांना रात्री तीनला उठवता येतं.

रक्ताबद्दल मात्र एक आहे जे आम्हाला एका ब्लड बँकेच्या मॅडमनी झाडून सांगितलं. सगळे मंडळवाले शिबिरं घेतात १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, साहेबांचा वाढदिवस. एकाच दिवशी ढिगाने रक्त. ते टिकतं पस्तीस दिवस, आणि प्लेटलेट तर पाच दिवस. मग एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, चाकरमानी गावाला, आणि परळमध्ये प्लेटलेटसाठी लोक रडतायत. दिवाळीनंतर पण तसंच. टाटाला, वाडियाला केमोच्या पोरांना प्लेटलेट रोज लागतात. त्यामुळे आम्ही आता वाढदिवसाचं शिबीर बंद केलं, मे महिन्यात घेतो. गर्दी निम्मी येते, साहेब नाराज, बॅनर पण छोटा. आणि आठ-दहा पोरांचे नंबर नुसत्या प्लेटलेटसाठी दिलेत, मशीनवर दीड-दोन तास बसायचं असतं, रक्त काढून प्लेटलेट घेऊन बाकीचं परत देतात.

पार्लेबिस्किट
उपनगरातून हजेरी. तुमच्या परळसारखी हॉस्पिटलं आमच्याकडे नाहीत पण पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे, टिळकांच्या नावाने चार शेजाऱ्यांनी काढलेला, वाचनालयापासून म्हाताऱ्यांच्या कट्ट्यापर्यंत सगळं. आणि मुंबई ग्राहक पंचायत, १९७५ ची. आमच्या आईचा पंचायतीतला संघ (शेजारच्या घरांचा गट) होता, दर महिन्याला एकेका घरी किराण्याच्या गोण्या उतरायच्या, बायका स्वतः वाटप करायच्या, हिशोब पैशापर्यंत. त्यात देणगी कोणीच कोणाला देत नव्हतं, आणि तरी आई आजारी पडली तेव्हा डबा आणणाऱ्या सगळ्या बायका संघातल्या.

देवगडवाला
बायकांवरून आठवलं, गिरणगावातल्या खाणावळवाल्या राहिल्याच की! आमच्या खोलीतल्या वीस बाप्यांना जेवण कोण घालायचं? चाळीतली एखादी बाई, स्टोव्हवर, महिन्याच्या उधारीवर, आणि किराणा सावकाराच्या व्याजावर. प्रेमा पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकार सुटला. १९८२ च्या संपात जेवणारेच बेकार झाले तेव्हा या बायकांनी किती जणांना फुकट जेवू घातलं त्याचा हिशोब कुठल्या ट्रस्टच्या वहीत नाही. तेव्हा ग्रामस्थ मंडळाची बढाई मीच मारली खरी, पण मंडळाच्या कार्यकारिणीत आजही एक बाई नाही, हे पण लिहून ठेवतो.

एडिसनचा मामा
आमचं ठरलं. भारतीय पासपोर्टवाले सहा जण आहोत, दर महिन्याला ठरावीक रक्कम एका धर्मशाळेला, अट एकच, पगार आणि लाइट बिलावरच खर्च करा. काकू, अशी अट पावतीवर लिहून घेता येते का?

सीएकाकू
येते. पण उलटं करा मामा, अटच घालू नका, "सर्वसाधारण खर्चासाठी" असं लिहा. सेक्रेटरीला रडू येईल आनंदाने. आणि वर्षाच्या शेवटी ऑडिट रिपोर्ट मागा, तो मागणारा देणगीदार मला तरी फार क्वचित भेटलाय.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून आणला. संभाजीनगरला फोन केला, ते म्हणाले या, पण डॉक्टर म्हणतायत सर्जरी आहे तर एकदा टाटाचं मत घ्याच. मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, भाऊ आणि मी. बुधवारी सकाळी दादर.

गल्लीचा कार्यकर्ता
ताई, व्यक्तिगत निरोप बघा, नंबर टाकलाय. बुधवारी सकाळी आमच्यातला एक जण हिंदमाताला भेटेल, तो टाटाच्या गेटपर्यंत आणि समाजसेवा विभागापर्यंत सोबत येईल, नंतर त्याची ड्युटी आहे. ब्रिजच्या खालून या, वरून टॅक्सीवाला फिरवून आणेल. आणि भावाचा ब्लड ग्रुप कळवून ठेवा, सर्जरी ठरली तर विचारतीलच.